गारठ्यातली ऊब

भिवराबाईंनी जन्मभर मेंढरं वळली, त्यामुळे घड्याळ आणि डॉक्टर या दोघांवरही त्यांचा भरवसा नाही. चौसाळ्यात त्यांचं नि माझं परस एकच. मुलानं, धर्मराजनं, गेल्या उन्हाळ्यात घरात एसी बसवला तेव्हा त्या नाक मुरडून बाहेर बाजेवर झोपल्या. एसीचा परसातला डबा मात्र त्यांना आवडला. त्यातून गरम वारा यायचा आणि त्यापुढे त्यांच्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळायच्या. आत गार, बाहेर गरम, एवढं ज्ञान त्यांना पुरे होतं.

पौषात त्यांची सून ऋतुजा दुसऱ्या खेपेला माहेरी न जाता इथंच बाळंत झाली आणि एसीच्या खोलीतच राहिली. बाईंचं पहिलं लेकरू माळावरच्या मुक्कामात गारठ्यानं गेलं होतं, तेव्हापासून बाळंतिणीच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. मेंढरातून आलेल्या कुणी, अगदी त्यांनी स्वतःसुद्धा, बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हा नियम त्यांचाच.

एका सकाळी खोलीत उबेसाठी ठेवलेल्या शेगडीच्या धुरानं बाळ ठसकू लागलं. धर्मराजनं रिमोट घेतला आणि त्यावर बर्फाच्या फुलाच्या जागी सूर्याचं चिन्ह आणलं. एसी जरा वेळ गप्प बसला, मग ऊबदार वारा सोडू लागला. बाई तेव्हा कळपाकडे होत्या, त्यांना कोण सांगणार?

तिकडे एक मेंढी व्याली आणि मेली. ओलं, थरथरतं कोकरू पाटीत घालून बाई घरी आल्या. डबा घरघरतोय म्हणजे गरम वारा आहेच, अशा हिशोबानं त्यांनी पाटी त्याच्यापुढे ठेवली आणि दुसऱ्या मेंढीचं दूध काढायला गेल्या. त्यांना हसू नका, मीही तेच केलं असतं.

मी धुणं वाळत घालायला गेले तर कोकरानं मान टाकलेली. बाईंना हाक मारली. त्या धावत आल्या, डब्यापुढे हात धरला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. वारा बर्फासारखा होता.

धर्मराज बाहेर आला. म्हणाला, "आई, ते आता उलटं चाललंय. बाहीरची ऊब वढून आत आणतंय."

"ह्या गारठ्यात कुठली रं ऊब?"

"असती. गारठ्यात बी थोडी असती."

बाई कोकरू छातीशी धरून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थबकल्या. कोकराचा श्वास दिसेनासा झाला होता.

ऋतुजानं बाळाला पलीकडे घेतलं. "आत्या, आत आणा त्याला," ती म्हणाली.

बाईंनी उंबरा ओलांडला. वाऱ्याखाली बसून पदरानं त्या कोकराला चोळत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यानं कान हलवला, मग त्यांचं बोट तोंडात धरून चोखायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी धुणं तसंच विसरले.

दुपारी पाहते तर बाई परसात डब्यापुढे उभ्या. दोन्ही तळवे त्या गार वाऱ्यात धरलेले.

"माजं पैलं लेकरू असंच गारठलं, माळावर," त्या हळूच म्हणाल्या. "तवाबी ऊब तितंच व्हती म्हणायची. चौफेर."