हवामास्तरांचे निळे कागद

हवामास्तर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावरच थांबत, नाक वर करून एक लांब श्वास घेत आणि मगच विचारत, "काय, बरे आहात का?" यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळतोय आणि हे आधी त्याच्या घरातल्या हवेची विचारपूस करतायत, असा प्रकार. सोलापुरात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस मला भेटला नाही. आमच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली नवा शिक्षक म्हणून लागलो होतो. एकोणीसशे तीसच्या आगेमागेची ही गोष्ट.

त्यांना वेड होतं ओझोनचं. आमच्या घरी माग होते म्हणून ते मला 'विणकर' म्हणत. "विणकर, प्राणवायूचे दोन अणू सुखानं नांदत असतात. तिसरा पाहुणा येऊन बसला की झाला ओझोन. पण पाहुणा टिकत न्हाय की! म्हणून त्याला मोजायची लई घाई." ज्या हवेत ओझोन जास्त ती औषधी हवा, असं त्या काळी चांगली शिकलेली माणसंही मानत. मास्तरांची तर त्यावर अक्कलकोटच्या स्वामींइतकीच श्रद्धा होती, आणि ते अक्कलकोटकडचेच.

मोजायची रीत साधी होती. आरारुटाच्या पातळ कांजीत पोटॅश आयोडाइड घालायचं, त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या आणि भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टांगायच्या. एका दिवसानं पट्टी काढून पाण्यात भिजवली की ती निळी होई. जितका ओझोन, तितका रंग गडद. नीळ कालवून त्यांनी शून्य ते दहा अशा छटांचा तक्ता रंगवला होता. डबे तीन ठिकाणी होते: शाळेच्या गच्चीवर, सात रस्त्याजवळच्या एका माडीवर आणि कापडगिरणीमागे. गिरणीमागची पट्टी कायम फिकी. "कोळशाचा धूर निळेपणा खातो," ते म्हणत, आणि गिरणीच्या धुराड्याकडे भांडणाऱ्या शेजाऱ्याकडे बघावं तसं बघत.

पट्टी भिजवण्याआधी आजचा आकडा किती येणार हे ते वहीत लिहून ठेवत. वारा कुठला, ऊन किती, ढग गडगडले का, गिरणीचा धूर कोणीकडे गेला, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून त्यांनी एक सूत्र बसवलं होतं. "आधी लिहायचं, मग बघायचं. उलटं केलं की माणूस स्वतःलाच फसवतो." आकडा जुळला की स्वारी पोरांना पाच मिनिटं आधी सोडून द्यायची. एरवी वर्गात त्यांच्या तोंडून सुटीचा 'सु' निघत नसे.

वहिनींना क्षय झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते पावसाळ्यात. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. वहिनींच्या भावाने खटपट करून डोंगराकडच्या एका आरोग्यधामात खाट मिळवली होती. मास्तर मात्र हटून बसले. "तितली हवा कुणी मोजलीय?" त्यांचं स्वतःचं एक शेत अक्कलकोटच्या रस्त्याला होतं. तिथे त्यांनी चौथा डबा टांगायचं ठरवलं.

नेमकं त्याच आठवड्यात बाजारात चांगलं आरारूट मिळेना. मीच म्हणालो, "मास्तर, आमच्या घरी खळीला काय तोटा?" सुताला ताठपणा यावा म्हणून विणकर जी पिठाची खळ लावतात, ती मी वाडगाभर नेऊन दिली. मास्तर खूश झाले. खळ दाट होती, म्हणून पट्ट्या आधी तिच्यात बुडवून वाळवल्या, आयोडाइडची पूड वरून कोरडीच चोळली आणि त्या पट्ट्यांची बाटली त्यांनी शेतासाठी वेगळी ठेवली. गावातल्या डब्यांना जुन्या पट्ट्या पुरत होत्या.

शेतावरची पहिली पट्टी भिजवली आणि ती सहा नंबरची निळी झाली. गावात कधी चारच्या वर गेलेलं नव्हतं. मास्तरांच्या वहीत आदल्या ओळीत 'तीन' लिहिलेलं. पुढे रोज हेच. सूत्र चुकत गेलं, तसं त्यांनी सूत्रच बदललं. उघड्या रानाचे म्हणून जादा दोन-तीन त्यात घातले. "विणकर, नोड्री, बघा की!" आनंद झाला की त्यांच्या तोंडी कानडी येई. "आपल्याच रानात औषध हाय आणि आपण डोंगर धुंडाळतोय." काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मीही हसून म्हणालो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

वहिनींना शेतावरच्या खोपीत नेलं. भाऊ रागावून परत गेला. मी रविवारी भेटायला जाई, तेव्हा दोन्ही बाजूंचे पडदे वर बांधलेले आणि वहिनी घोंगडीत गुरफटलेल्या. "बघा की भावजी," त्या एकदा म्हणाल्या, "मी म्हणतीया मला थंडी वाजतीया, तर ह्ये कागदाला इचारत्यात." मास्तर ओशाळून हसले, त्यांच्या पायावर आणखी एक घोंगडी टाकली, पण पडदा खाली सोडला नाही. त्यांचा वहिनींवर फार जीव होता. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

संक्रांतीच्या आधी वहिनी गेल्या.

तेराव्यानंतर मास्तर शाळेत आले आणि शेतावरची बाटली रिकामी करायला बसले. उरलेली, कधीच न टांगलेली एक पट्टी ओल्या टेबलावर पडली. बघता बघता निळी झाली. सहा नंबर. हवेचा तिला वाराही लागलेला नव्हता. त्यांनी ती उचलून तक्त्याशेजारी ठेवली. मग मला म्हणाले, "तुमच्या खळीत काय काय असतं रे?"

मी सांगितलं. पीठ, पाणी, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. प्रत्येक विणकराच्या घरी घालतात. ओलं झालं की मोरचूदही ओझोनसारखंच आयोडाइडमधलं आयोडीन सुटं करतं आणि पीठ निळं होतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते बाटलीतलं मोरचूद होतं आणि हे आईच्या हातचं. दोन्ही एकच, हे मला कधी सुचलंच नाही.

त्यांनी वही उघडली, शेताच्या सगळ्या आकड्यांवर एक आडवी रेघ मारली आणि त्याखाली 'हवेचे नाहीत' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात वहिनींचा भाऊ त्यांची लुगडी न्यायला आला. मास्तरांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. नुसती खळ म्हणाले, कुणाची ते सोडून. त्याने मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजी दाजी, तितं काय बी न्हवतं? माझी भन उगंच थंडीत ऱ्हायली व्हय?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

"आन् ही खळ दिली कुणी?"

मी दाराशीच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. "मी आणली. कोरी पट्टी आधी भिजवून बघायची असती, ती मी बघितली न्हाय. दोष माझा हाय."

भाऊ उठला आणि गाठोडं घेऊन माझ्या अंगावरून बाहेर गेला. पुन्हा त्या घरी तो आला नाही. वर्षभराने मास्तर नोकरी सोडून कुर्डुवाडीला पुतण्याकडे गेले आणि तिथेच वारले. खळीचा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही. मी त्यांच्या जागेवर पुढे कित्येक वर्षं शास्त्र शिकवलं. कोरी पट्टी आधी भिजवा, असं मुलांना दर वेळी बजावलं; का, ते कधी सांगितलं नाही.

खळ मी दिली होती. त्या दाराशी हे चार शब्द बोलायला मला जमलं नाही, आणि आता ते ऐकायला त्या घरातलं कुणी उरलेलं नाही.