आक्काच्या उशीवरचे दिवे

आक्का गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या खोलीच्या दारातून परत फिरलो. दिवे लावलेले होते. तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, दोन्ही हात पोटावर. मागून सुमन, माझी बायको, कुजबुजली, "झोपल्यात वन्सं. राहू द्या." मी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बातम्या बघत बसलो. सकाळी सुमन चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं. भेटायला आलेले म्हणाले, झोपेत गेली, पुण्यवान होती. पहिले काही दिवस मीही सगळ्यांना तेच सांगत होतो...

आक्का माझी थोरली बहीण. घोडेगावला दिलेली. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. तिनं मला आपल्याकडे नेलं आणि मॅट्रिकपर्यंत सांभाळलं. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड आणि धपाटे दोन्ही माझ्या एकट्याच्या वाट्याला आले. घर पत्र्याचं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, गंजाचा भुगा अंथरुणावर पडायचा आणि जनावरांच्या बाजाराच्या दिवशी तर धुरळ्यानं सगळं घर माखायचं. म्हणून आक्का जुनी लुगडी एकमेकांना जोडून पत्र्याखाली ताणून बांधायची. त्याला ती छत म्हणायची. पण हे काम ती कधी सरळ उरकत नसे. चार कोपरे तात्पुरते अडकवायची आणि मला गोधडीवर आडवं करायची. मी उभा राहूनच "छान आहे" म्हटलं की डाफरायची, "उभ्यानं काय कळतंय? झोपून बघ, मंग सांग." मी झोपून सांगायचो, मग ती पुन्हा स्टुलावर चढून लुगडं सरकवायची. कोयरीची वेलबुट्टी बरोबर माझ्या उशीवर यायची. ठिगळांचा भाग तिच्या बाजूला जायचा. मला तेव्हा वाटायचं, तो आपोआपच तिकडे जातो.

पुढे नोकरी लागली, नगरला सावेडीत घर झालं. घर पाहावं बांधून म्हणतात. मी बांधून पाहिलं आणि नंतर दर दोन वर्षांनी त्यात काही ना काही करत राहिलो. मला तो नादच आहे. दाजी गेल्यावर आक्काला कितीदा म्हटलं, इकडे ये. ती येईना. शेवटी गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, यांचं आता उठणं अवघड आहे. ती दवाखान्यात होती तेवढ्या दिवसांत मी मागची खोली तिच्यासाठी करायला घेतली. माझा विचार चांगला होता, हे मला अजूनही म्हणावंसं वाटतं. पडून राहणाऱ्या माणसाला दिवसभर दिसणार काय, तर छत. मग ते देखणं का नसावं? पीओपी करून घेतलं. गोलात गोल, सोनेरी कड, कडेच्या खोबणीत दिव्यांची पट्टी आणि पलंगाच्या उशाशी, वर छतातच बसवलेले चार झगझगीत दिवे. मी दारात उभा राहायचो, मागे सरकायचो, मान वर करून पाहायचो आणि कारागिराला चुका दाखवायचो. रोज पाहिलं. पलंगावर एकदाही आडवा झालो नाही.

आक्काला आणलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "लई झाक केलंस रं, बाळू. लग्नाचा मांडवच जनू." मी फुलून गेलो. आठवड्याभरानं म्हणाली, "एवढा उजेड कशाला? मालव की." मला हसू आलं. उभा जन्म तिनं खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं होतं, दुसऱ्याच्या घरी गेली तरी दिवा मालवायला सांगायची. मी म्हटलं, "बिलाची काळजी तू करू नको, आक्का. तुझ्या भावाला परवडतं." ती आणखी एकदोनदा म्हणाली, मीही तेच उत्तर दिलं. मग तिनं म्हणायचं सोडलं. भावाच्या घरी बहीण कितीही लाडकी असली तरी बेतानंच बोलते. एवढं कळायचं वय माझं कधीच होऊन गेलं आहे.

त्यानंतर ती सारखी झोपलेलीच दिसू लागली. पाहुणे आले की मी आधी खोलीत नेऊन पट्टीसकट सगळे दिवे लावायचो. लोक वर बघून "वा!" म्हणायचे, मग खाली नजर जायची, डोळ्यांवरचा पदर दिसायचा. "झोपल्यात वाटतं," म्हणत सगळे पाय न वाजवता बाहेर येऊन चहा घ्यायचे. घोडेगावची तिची शेजारीण जना एसटीनं आली, हुरड्याची पिशवी ठेवून तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, आवाज आल्ता मला तिचा." मला वाटलं, झोपेत कानावर पडला असेल.

तेरावं झालं, घर रिकामं झालं. एका दुपारी पाठ धरली म्हणून मी आक्काच्या पलंगावर जाऊन पडलो. सवयीनं दिवे लावले होते. डोकं उशीला टेकलं आणि चारही दिवे थेट डोळ्यांत घुसले. सोनेरी कड नाही, गोल नाही, काहीच दिसेना. मला कुशीवर वळता येतं म्हणून मी वळलो. तिला तेही जमत नव्हतं. पुन्हा उताणा झालो आणि आपोआप माझा हात डोळ्यांवर आला. तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. सुमन कुणाला तरी हळूच म्हणाली, "झोपलेत. राहू दे." दार अगदी हळू ओढलं गेलं.

मी टक्क जागा होतो.

आक्का जागी होती. जना आली तेव्हा, इतके लोक आले तेव्हा, त्या शेवटच्या संध्याकाळी मी दारात होतो तेव्हासुद्धा कदाचित. आम्ही तिची झोप मोडू नये म्हणून इतकं जपलो की माणसासाठी तिला झुरत ठेवलं. सुमनला सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, "तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" मुद्दाम केलं नाही, हे खरं आहे. त्यानं मला काही बरं वाटत नाही.

ते चार दिवे मी काढून टाकले. छताला भोकं राहिली आहेत. सुमन म्हणते बुजवून घ्या, मी घेत नाही. संध्याकाळी तिथे थोडा वेळ पडतो, आणि हात अजूनही डोळ्यांवर जातो. पण दाराशी पाऊल वाजलं की कुणी काही बोलायच्या आत मी मोठ्यानं सांगतो, "मी जागा आहे. आत ये."