तिसऱ्या मजल्यावरची मिसळ

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माती सगळेच खातात हो! मी ती दोह्यात खाल्ली, शुक्रवारी सकाळी, भरल्या पंगतीत मांडी घालून, आणि वर पुन्हा कांदा-लिंबू मागून.

झालं असं, की आई गेल्यावर मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इकडे अल नस्रला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. पक्के कोल्हापूरचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माणूस आला, पण भूक तिकडेच ठेवून आला. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट सरकवलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली तरी पँट कमरेवर टिकेना. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. अहो, नॉर्मल माणूस अर्ध्या पोळीवर जगतो का? मला खरंच भीती वाटायला लागली होती.

एक दिवस विचारलं, "आप्पा, काय खावंसं वाटतंय?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मिसळ."

बास! घरात दिवाळी! माझी बायको अनुजा पुण्याची. तिने हौसेने मटकी भिजवली, मोड आणले, पोहे, शेव, बाजूला लुसलुशीत पाव. आप्पांनी वाटीत डोकावून बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "आमटी झकास झालीया सूनबाई. मिसळ मागनं येणार व्हय?"

त्यानंतर तीन दिवस अनुजा माझ्याशी बोलत नव्हती. आप्पांशी नाही, माझ्याशी!

आता तुमच्यात कोणी कोल्हापूरचं नसेल तर सांगतो. आमच्याकडे मिसळीला कट लागतो, लालभडक, तर्रीदार. आणि सोबत स्लाइस ब्रेड. पाव नाही! पाव दिला की कोल्हापूरकराला वाटतं, आपली कोणीतरी थट्टा करतंय.

मी दोहा पालथं घातलं. मेनूवर जिथे जिथे 'कोल्हापुरी' दिसलं तिथे तिथे आप्पांना नेलं. एका ठिकाणी पनीर आलं. एका ठिकाणी मिसळीवर किसलेलं चीज होतं. आप्पांनी चष्मा काढून पुसला.

शेवटी ऑफिसातल्या पाटलाने खबर आणली. तो इस्लामपूरचा, त्यामुळे शब्दावर विश्वास. "अल मुंतझाला लाँड्रीच्या वरची बिल्डिंग. तिसरा मजला. घरगुती खानावळ आहे. फक्त शुक्रवारी मिसळ. बोर्ड नाही, काही नाही. दार उघडं आणि बाहेर चपलांचा ढीग दिसला की सरळ आत जाऊन बसायचं. चौकशी करत बसू नकोस, त्यांना आवडत नाही. मी पण येतो साडेनऊला."

शुक्रवारी नऊलाच पोचलो. लिफ्ट बंद. आप्पांना धरून जिना चढलो. एक मजला, दोन मजले, तीन मजले. दार उघडं! चपलांचा ढीग! आणि आतून काय वास आला म्हणून सांगू! आप्पा उंबऱ्यातच थांबले. नाकपुड्या फुलल्या. इकडे आल्यापासून तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हाललं.

आत सतरंज्या अंथरलेल्या, दहा-पंधरा माणसं खात बसलेली. दाराशी दोरीने बांधलेल्या बॅगा आणि खोकी. म्हटलं, पार्सलचा धंदाही जोरात दिसतोय. पांढरा सदरा आणि टोपी घातलेले एक गृहस्थ पुढे आले. हेच मालक, मी ओळखलं.

"दोन मिसळ," मी बोटं दाखवली. "एक तिखट, एक मीडियम."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या ना, बसा, बसा."

"स्लाइस आहेत ना? पाव नको."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "मिसळीसंगं पाव कोण खातंय? बसवा त्यास्नी, मी कट देतो की!"

'देतो की'! आमच्या कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात. आप्पांनी मान वर केली. "कुठली गं तू, बाई?"

"शाहूपुरीतली की, काका!" डोक्यावर पदर घेऊन एक बाई पातेलं घेऊनच बाहेर आल्या. "सासर रत्नागिरीचं, पण मसाल्याची चटणी म्हायेरचीच. आईनं धाडलीया."

आणि आप्पा जेवायला बसले. अहो, जेवले! पहिली वाटी निमूट. दुसऱ्या वाटीला घाम. तिसरीला नाक पुसत त्या बाईंना शाहूपुरीतल्या गल्ल्या विचारायला लागले. बाई पातेलं बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसल्या. दोघं हळू आवाजात कायकाय बोलत होते.

माझी छाती फुगली. वडील जेवतायत म्हटल्यावर पोराला जोर येतो. मी सुरूच झालो.

"ओ भाई, इकडे कांदा संपलाय! लिंबू? आणि ताक मिळेल का?"

कोपऱ्यातला एक चष्मेवाला उठला आणि मुकाट्याने खालच्या किराणा दुकानातून लबान, म्हणजे इथल्या ताकाच्या बाटल्या घेऊन आला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास! पण सर्व्हिस जरा फास्ट पाहिजे." नंतर कळलं, तो मालकांचा मेहुणा. गॅस प्लांटवर मोठा इंजिनिअर. हाताखाली चाळीस माणसं!

एक गोष्ट मात्र मला फार भावली. गिऱ्हाईक जाताना मालकाला मिठी मारत होतं. एका म्हाताऱ्या बाबांच्या तर डोळ्यांत पाणी. मी आप्पांना कोपराने ढोसलं, "बघा, याला म्हणतात कस्टमर रिलेशन."

मालक मधूनमधून घड्याळ बघत होते. खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. मी म्हटलं, "भाई, शुक्रवारी एवढी गर्दी होते तर दोन माणसं वाढवा. आणि त्या बॅगा दारातून हलवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते."

"हां, हलवायच्याच आहेत, भाऊ," ते म्हणाले.

तेवढ्यात पाटलाचा फोन. "अरे कुठायस? इथे मिसळ संपत आली!"

"मी खातोय की!"

"कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर!"

"मी तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभा आहे. तू इथे नाहीस."

माझा घास तोंडातच राहिला. इथल्या बिल्डिंगांत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये एक जादा मजला असतो, ज्याला नंबरच नाही. लिफ्टने आलो असतो तर तीनचं बटण दाबलं असतं. जिन्याने आलो आणि मी तोही मोजला! खानावळ एक मजला वर होती.

मग हे काय होतं?

मी दाराकडे बघितलं. बॅगांवर नावं लिहिलेली. वर जानमाजची, म्हणजे नमाजाच्या चटईची गुंडाळी. मिठ्या. डोळ्यांतलं पाणी.

"भाई," मी वाटी खाली ठेवली, "ही खानावळ नाही?"

"नाय हो," ते हसले. "माझं घर. मी बशीर. आज आम्ही मक्केला, उमराच्या यात्रेला निघालोय, गाडीने. लोक भेटायला येतात ना, म्हणून हिने सगळ्यांसाठी नाश्ता केला. सव्वानऊलाच निघणार होतो."

घड्याळात पावणेदहा वाजले होते. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, सतरंजी उचलावी आणि खाली शिरावं.

"अहो, मग मला हाकललं का नाही?"

"जेवत्या माणसाला कोण उठवतं, भाऊ? आधी वाटलं, मेहुण्याच्या ओळखीचे असाल. त्याला वाटलं, माझ्या."

त्यांची बायको, म्हणजे त्या शाहूपुरीच्या भाभी, पुढे आल्या. "मीच थांबवलं ह्यांना. काका सांगत हुते, बायको गेल्यापास्नं घास उतरत न्हाई, म्हणून. म्हटलं, गाडी थांबंल की अर्धा तास. काकांचा घास मोडायला नको."

बघा! तीन आठवडे मी विचारत होतो, आप्पा, काय होतंय? काही नाही, काही नाही. आणि एका परक्या घरात, एका वाटीवर, ते सगळं बोलून मोकळे झाले होते. मला तिथेच भरून आलं. त्या माणसांचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे, ते मला आजही सुचलेलं नाही.

मी सरळ सगळ्यांत मोठी बॅग उचलली. लिफ्ट बंदच. तीन मजले, चार खेपा! खाली हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर मला हमाल समजून "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल, करत होता आणि मी "हो साहेब" म्हणत होतो. तेवढी शिक्षा कमीच होती.

आप्पा मागून भाभींचा हात धरून उतरले. काखेत चटणीची बरणी. भाभींनी जाता जाता कपाटातून काढून दिली होती. "आता चार दिवस मला काय करायचीया? सूनबाईंस्नी सांगा, दोन चमचे घाल, जास्त नको."

गाडीत सगळे बसले. बशीरभाईंनी काच खाली केली आणि आप्पांचा हात हातात घेतला. "काका, तिथे सगळ्यांसाठी दुआ मागतात. तुमच्यासाठी काय मागू?"

आप्पा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, अगदी दात दिसेपर्यंत.

"माझं काय न्हाई, बाळा. मला मिळालं आज." मग त्यांनी घामाघूम झालेल्या माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्यासाठी माग. ह्याला थोडी अक्कल दे म्हणावं."

बशीरभाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "मागतो, काका. पण आम्ही तिथे चारच दिवस आहोत हो!"