मिस्त्रींना न ओळखणारं हॉटेल

बुद्धभूषण शिवशरण म्हटलं तर सोलापुरातल्या एकाही हॉटेलवाल्याला कळणार नाही की हा कोण. भूषण मिस्त्री म्हटलं, की गल्ल्यावरचा माणूस लगेच मान डोलावतो. डीप फ्रीजर थंड होईना, आइस्क्रीमचा खण भर दुपारी बंद पडला, की फोन बुधवार पेठेत जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात मिस्त्रीची स्कूटर हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी राहते. सत्तावीस वर्षं हेच चाललेलं. बहुतेक हॉटेलांच्या पुढच्या दाराला रंग कुठला आहे ते त्याला सांगता यायचं नाही. पण मोरी कुठे आहे, भटारखान्यात पाय कुठे घसरतो, कुठला आचारी चहा विचारतो आणि कुठला नाही, हे सगळं पाठ.

म्हणूनच आईचा पन्नासावा वाढदिवस हॉटेलात करायचा असं कीर्तीनं ठरवलं, तेव्हा हॉटेल निवडायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. कीर्ती ही त्याची एकुलती एक लेक, एका दवाखान्यात नर्स. नोकरीला वर्ष झालं होतं आणि हे जेवण तिच्याकडून होतं. तिची आई पंचशीला अंगणवाडी सेविका. जेवायला माणसं नऊ: घरची तिघं, अंगणवाडीतल्या मदतनीस मथुराबाई, शेजारच्या अंगणवाडीची भुवनेश्वरी आणि तिच्याबरोबर आणखी चौघी सेविका.

कीर्ती एकेक नाव घ्यायची आणि बाप मान हलवायचा.

"तितं नको. मटण आन् कुल्फी एकाच खणात ठेवतेत."

"मग ते नवीन, लाइटिंगवालं?"

"मालक लई चांगला हाय. पण पनीर कवाचं हाय, ते त्याचं त्यालाबी ठाऊक नसतंय."

"पप्पा, तुम्हाला जेवण दिसतच नाही. नुसते फ्रीज दिसतात."

शेवटी चार दिवसांनी त्यानं एक हॉटेल पक्कं केलं. भटारखाना स्वच्छ, मटण रोजच्या रोज आणलेलं, मालक शब्दाचा. कीर्तीनं ग्रुपवर नाव टाकलं. भुवनेश्वरीनं लगेच वर केलेला अंगठा पाठवला, चौघी सेविकांनी फुलं पाठवली, मथुराबाईंनी चुकून रडणारं तोंड पाठवलं आणि मग फोन करून सांगितलं, की मला चालतंय. उत्तर आलं नाही ते फक्त जिचा वाढदिवस तिचं.

संध्याकाळी पंचशीला मेथी निवडत बसली होती. बुद्धभूषण समोर येऊन बसला.

"काय गं, हॉटेल आवडलं न्हाय का?"

"चांगलं हाय की."

"मग?"

तिनं दोन-तीन काड्या मोडल्या. "मला जिथं तुमाला कुणी वळखत न्हाय, तितं जायचंय."

त्याला आधी काही कळलंच नाही. तेव्हा ती म्हणाली, "कीर्ती दहावीला पास झाली, तवा आपण गेल्तो. आठवतंय का?"

आठवत होतं की. त्या दिवशी मालकानं खांद्यावर हात ठेवून 'मिस्त्री, देवासारखे आलात' म्हटलं होतं. आत फ्रीजर बंद पडलेला, उद्या लग्नाची ऑर्डर. त्यानं तासाभरात चालू करून दिला होता आणि मालकानं सगळ्यांना आइस्क्रीम पाठवलं होतं. ही गोष्ट त्यानं पाव्हण्यारावळ्यांत कितीदा तरी सांगितली होती.

"तुमी आत गेला," पंचशीला म्हणाली, "आन् मी तुमच्या बिर्याणीवर ताट झाकून बसले. लेक सारखी दाराकडं बघत हुती. तुमी आला तवा आमची बडीशेप खाऊन झाल्ती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तवाबी तसंच. मी काय म्हणत न्हाय, काम हाय तुमचं. पण या बारीला आपण जेवताना तुमी माझ्या शेजारी बसलेलं पायजे."

ती रागानं बोलली नव्हती. मेथी घेऊन आत गेली. तीच संध्याकाळ दोघांनी आठ वर्षं जवळ ठेवली होती, आणि तिच्याकडची किती वेगळी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. आता मटण ताजं की शिळं हा प्रश्नच राहिला नाही. आपला हात न लागलेला फ्रीज असलेलं हॉटेल हवं होतं, आणि ते काही केल्या सापडेना. विजापूर रोडला काचेचं दार असलेलं एक नवं हॉटेल दिसलं. हे नक्की आपलं नाही म्हणून तो आत शिरला, तर मॅनेजर खुर्चीवरून उठलाच. "अरे मिस्त्री! मी आधी नव्या पेठेत होतो, वळखलं न्हाय का? बरं झालं आलात, जरा आत—" मिस्त्री आल्या पावली माघारी. होटगी रोडला एका ठिकाणी वॉचमननंच सलाम ठोकला. इतक्या लोकांनी ओळखावं, याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा वैताग आला.

तिसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला, गावाबाहेर, लिंबाच्या चार झाडांखाली टेबलं मांडलेलं एक हॉटेल दिसलं. मैंदर्गीच्या बसप्पांनी ते चार महिन्यांपूर्वी काढलं होतं. बसप्पा साठीचे, कपाळाला भस्म, धोतर पांढरंशुभ्र. "बर्री, बर्री, या बसा," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पाव्हणे कुठले, विचारलं. बुद्धभूषणनं त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओळखीची एक रेघसुद्धा नव्हती. त्याला इतका आनंद झाला, की फ्रीज कुठल्या कंपनीचा हे बघायचंही राहून गेलं.

"नऊ माणसं हायत. वाढदिवस हाय."

"करू की. जेवण शुद्ध शाकाहारी बरं का आपल्याकडं. तुमी काय काम करता, साहेब?"

"शाळेत... शिपाई हाय," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं इतकं धादांत खोटं क्वचितच सांगितलं असेल.

घरी येऊन त्यानं शिपायाच्या थापेसकट सगळं सांगितलं, तेव्हा कीर्तीनं कपाळाला हात लावला. "आईचा पन्नासावा, आणि मटण नाही?"

"मला चालतंय," पंचशीला म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी नवऱ्याकडे बघून हसली.

मार्चअखेरचे दिवस होते. ऊन कलल्यावरही जमीन तापलेली. साडेसातला सगळ्या जमल्या. भुवनेश्वरीनं पंचशीलासाठी घरच्या मागावरची साडी आणली होती. बिनमटणाचा वाढदिवस असतोय का म्हणून मथुराबाई येतानाच कुरकुरल्या. पण कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी पुढे आल्यावर त्या गप्प झाल्या. कवळी नवी होती, तरी भाकरी आमटीत बुडवून त्यांनी चांगली संपवली.

बुद्धभूषण पंचशीलाच्या शेजारी बसला होता. फोन बंद करून कीर्तीच्या पर्समध्ये. दुसरा घास घेतला आणि मागून त्याला आवाज आला. टक्. मग हूंऽ असं घरघरणं, आणि परत टक्. कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघत होता आणि होत नव्हता. रिले गेला असणार. दहा मिनिटांचं काम. त्याचा घास हातातच राहिला.

"जेवा की," पंचशीला हळूच म्हणाली. "मलाबी ऐकू आलं."

"तुला कसं कळलं?"

"इतकी वर्षं कुणासंगट ऱ्हायले मी?"

त्याच फ्रीजमध्ये केक होता. तो बाहेर आला तेव्हा क्रीम एका बाजूला घसरलेलं, 'पंचशीला'मधला 'पं' केकवरून निघून खोक्यात पडलेला. बसप्पा बिचारे हात जोडून उभे राहिले. "चूक झाली, ताई. दुपारपासनं फ्रिज असंच करायलाय. माणूस बोलावलाय, येईना."

टेबलावरच्या सगळ्या बायका एकदम बुद्धभूषणकडे वळल्या. मथुराबाईंनी तर तोंडच उघडलं, "अवो, हे हायत की आमचे—"

"शाळेत शिपाई हायत," पंचशीला म्हणाली. "आपण चमच्यानं खाऊ केक."

भुवनेश्वरीला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हलत राहिली, तिचं बघून बाकीच्या हसल्या, आणि काय झालं ते न कळूनही बसप्पा हसले. केक चमच्यानं खाल्ला. गोड तर होताच.

मग बायका बोलायला लागल्या. भुवनेश्वरीनं एका पोरीची गोष्ट काढली. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली, वीटभट्टीवर आलेल्या माणसांची पोर. अंगणवाडीत एक शब्द बोलायची नाही. हजेरीला तिचं नाव घेतलं की नुसतं 'म्यॅ' करायची. पोरं हसायची. "पण पंचशीलाबाईंनी एकदा पण टोकलं नाही तिला," भुवनेश्वरी म्हणाली. "म्यॅ म्हटलं की 'शाबास' म्हणून हजेरी लावायची. पाच महिने! आणि एका दिवशी ती पोरगी स्वतःहून उभी राहिली, 'बाई, मी आली' म्हणाली. ही इतकी रडली, की मथुराबाईंना पोरांची खिचडी वाढावी लागली."

"मी तर रोजच वाढते," मथुराबाई म्हणाल्या.

बुद्धभूषणनं बायकोकडे बघितलं. "हे मला कवा सांगितलं न्हाय."

"सांगायचं म्हणलं की तुमचा फोन वाजतोय."

ते खरं होतं. त्यानं मान खाली घातली, पण मन जड झालं नाही. त्या रात्री घरी जाताना स्कूटरवर पंचशीलानं आणखी दोन पोरांच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून त्यानं गाडी अगदी सावकाश चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन अक्कलकोट रोडला गेला. बसप्पा बघतच राहिले. "शिपाई ना तुमी?" त्यानं रिले बदलता बदलता सगळं खरं सांगितलं. म्हाताऱ्यांनी कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बायको हुशार हाय तुमची." निघताना त्यांनी डबाभर हुग्गी बांधून दिली. गव्हाची, गुळाची, वरून तूप.

डबा घरी न्यायच्याऐवजी तो थेट अंगणवाडीवर गेला. या खोलीच्या पायरीपर्यंत त्यानं पंचशीलाला कितीदा तरी सोडलं होतं. आत मात्र कधी पाय ठेवला नव्हता. भिंतीवर आंबा, हत्ती आणि कपबशी काढलेली. वीसेक पोरं ताटल्या घेऊन बसलेली. पंचशीला वजनकाट्याशी एका बाळाला धरून उभी होती, तिनं मानेनंच बसा म्हणून खूण केली. मथुराबाईंनी सतरंजी झटकली. तो भिंतीला टेकून पोरांच्या रांगेत बसला आणि शेजारच्या पोरानं, हाही आपल्यातलाच समजून, त्याच्यासाठी थोडी जागा केली.