समईतली जागा

गच्चीवरून पाहिलं तर समईच्या दांड्यातला एक पांढरा ठिपका खाली कोसळला. त्याच्या मागचा ठिपका लगेच पुढे सरकला आणि त्याच्या जागी उभा राहिला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. दांडा पुन्हा सरळ झाला. कोसळली ती धावडा गावची मुलगी होती. तिच्या हातावरून पाय टाकून तिच्या जागी उभी राहिली ती माझी मुलगी.

माझ्या हातात पाण्याच्या पेल्यांचं ताट होतं. पाहुण्यांच्या गाड्या नुकत्याच फाटकातून आत आल्या होत्या आणि खाली बँड वाजत होता. मी ताट कठड्यावर ठेवलं आणि जिना उतरले. जिन्यात मोठ्या बाई भेटल्या. शाळा आणि बोर्डिंग दोन्ही त्यांच्या हातात होतं. त्यांच्या हातात हार होता.

"मावशी, तुम्ही खाली कशाला? वर पाणी कोण देणार?"

"पोरगी पडली, बाई."

"पडली तर उठेल. तुम्ही वर जा."

मी वर गेले नाही.

ही समई काय, ते सांगते. शाळा मुलींची, निजामाच्या काळातली. मुलींना शिकवायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं तेव्हा एका सावकाराने आपला बंगला दिला, समई लावली आणि पहिल्या दिवशी एकच मुलगी आली, असं दरवर्षी भाषणात सांगायचे. त्या दिवसाची आठवण म्हणून बोर्डिंगच्या मुली मैदानात समईच्या आकारात उभ्या राहायच्या. पांढरे फ्रॉक घातलेल्या मुलींची बैठक आणि दांडा, पिवळी ओढणी घेतलेल्या मुलींच्या वाती. मैदानात उभं राहून ती समई कुणाला दिसायची नाही. ती दिसायची फक्त गच्चीवरून, आणि गच्चीवर पाहुणे असायचे. ज्या मुली समई व्हायच्या त्यांनी ती कधीच पाहिली नाही.

शाळेत दोन जातीच्या मुली होत्या, बाहेरच्या आणि आतल्या. बाहेरच्या म्हणजे जालन्यातल्याच. दुकानदारांच्या, वकिलांच्या, डबा घेऊन येणाऱ्या आणि संध्याकाळी घरी जाणाऱ्या. आतल्या म्हणजे बोर्डिंगच्या. भोकरदन, अंबड, कुठून कुठून आलेल्या. बाहेरच्या त्यांना कोंडवाडा म्हणायच्या. कोंडवाडा आला, कोंडवाडा जेवला. आतल्या त्यांना डबेवाल्या म्हणायच्या, पण ते त्यांना काही लागायचं नाही. बाहेरच्या मुली कार्यक्रमात मांडवाखाली गाणी म्हणायच्या. उन्हात आतल्या. बाहेरच्या मुलीला कुणी उन्हात उभं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेच्या दारात आला असता. आतल्यांचे बाप यायचे दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला.

मी अंबडकडची. चौथी झालेली. नवरा वारल्यावर या शाळेत स्वयंपाकाला आणि झाडलोटीला लागले. त्या बदल्यात माझ्या मुलीला बोर्डिंगमध्ये ठेवून घेतलं. ती शिकावी एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नव्हतं.

समईची तालीम पाडव्याच्या आधीपासून चालायची. मोठ्या बाईंनी मुलींना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. एक, त्या सकाळी पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की मुली लघवीला पळतात आणि आकार मोडतो. म्हणून त्या दिवशी हौदाला कुलूप असायचं. दुसरी, कुणी बसली, पडली, चक्कर आली, तर तिच्याकडे बघायचं नाही. मागच्या मुलीने पुढे सरकायचं आणि जागा भरायची. हे त्या दंडुक्याने दाखवायच्या. एका मुलीच्या खांद्यावर दंडुका ठेवला की ती खाली बसायची आणि मागची सरकायची. मुलींना तालमीत त्याची गंमत वाटायची. माझी मुलगी सर्वांत चपळ. बाई तिचं नाव घेऊन इतरांना म्हणायच्या, बघा, बराबर कसं सरकायचं ते हिच्याकडून शिका. मला त्याचा आनंद व्हायचा. का होऊ नये, मुलीचं कौतुक होत होतं.

दरवर्षी कार्यक्रम सकाळी, ऊन चढायच्या आत व्हायचा. त्या वर्षी पाहुणे औरंगाबादहून येणार होते आणि मोठे होते, म्हणून उशीर झाला. मुली सकाळी उभ्या राहिल्या त्या दुपार झाली तरी उभ्याच. अनवाणी. सगळ्यांकडे सारखे बूट नव्हते आणि वरून ते वाईट दिसायचं.

मी मैदानात गेले तेव्हा जमीन माझ्या चपलेतूनही भाजत होती. मुलीचे डोळे अर्धे उघडे होते. अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. मी तिला काखेत धरून ओढलं आणि माझ्या मुलीला म्हटलं, "धर गं, पाय धर हिचे."

तिनं मान वळवली नाही. समोर बघत म्हणाली, "आई, जागा सोडता येत न्हाई."

शाळेचा शिपाई धावत आला. आम्ही दोघांनी तिला जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिथं मोडके बाक ठेवलेले असायचे. शिपाई म्हणाला, "मावशी, फीट आली हिला," आणि कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. मी दुसरा कांदा तळपायाला चोळला. दोघांनाही काही कळत नव्हतं. हौदाची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला, आणि मागितली तरी त्या देणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी पुन्हा वर गेले आणि कुणीतरी पाहुण्यांपुढं मांडलेलं पेल्यांचं ताट उचलून खाली आणलं. त्यावरून पुढं मला बोलणी खावी लागली. मुलीच्या तोंडात पाणी घातलं, ते गालावरून खाली गेलं. उरलेलं अंगावर ओतलं.

वर पाहुणे बोलत होते. भोंग्यातून आवाज येत होता. म्हणाले, काय ही शिस्त, एकही मुलगी जागची हलली नाही. टाळ्या झाल्या. मग फोटो काढले.

फाटकात पाहुण्यांच्या गाड्या आडव्या लावलेल्या आणि ड्रायव्हर मांडवामागं जेवायला बसलेले. शिपायाने एकाला उठवलं तर तो म्हणाला, "जल्दी काय हाये, भाऊ? घास तर खाऊ दे." गाडी बाजूला होऊन शिपायाने बोलावलेली रिक्षा आत येईपर्यंत आणि बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेला. सरकारी दवाखान्यात तिला बाटली लावली. दिवेलागणीला ती गेली. माझ्या मांडीवर नाही, पलंगावर. तेव्हा मी बाहेर तिच्या फ्रॉकची पिन शोधत होते.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. साधा शेतकरी, टोपी हातात घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. घरचे सगळे राजूरच्या गणपतीचे भक्त, चतुर्थीला घरात कुणी जेवत नसे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी चतुर्थी होती, हे खरं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलीनं कडक उपवास धरला होता. आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही तिला उभीच केली नसती."

बापाने विचारलं, "उपास व्हता?"

बाईंनी माझ्या मुलीला बोलावून घेतलेलं होतं. ती दाराशी उभी होती. वय बारा, सातवीत. "ही तिच्या मागेच उभी होती," बाई म्हणाल्या. "हिला विचारा. उपवास होता ना गं तिचा?"

मला माहीत होतं की नव्हता. त्या सकाळी मी स्वतः तिला वाढलं होतं. भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. ती म्हणाली होती, "मावशी, आमच्या घरी आज कोन्ही खात न्हाई. पण मला लई भूक लागते." आणि हसून दुसरी भाकर मागून घेतली होती. माझी मुलगी तिच्या शेजारी बसून जेवत होती. तिनंच तिला स्वतःच्या ताटातली चटणी दिली होती. चटणी तिखट होती, त्यावर पाणी नव्हतं.

माझी मुलगी म्हणाली, "हो, बाई. उपास होता."

मी म्हटलं, "न्हाई व्हता. माझ्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या तिनं. पोरीला पाणी न्हाई मिळालं, म्हणून गेली ती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं देखील नाही. "मावशी, यांच्यासाठी चहा आणा."

मी जागची हलले नाही. तेव्हा तो बापच बोलला. टोपीकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मावशी. उपासात गेली तर गणपतीकडं गेली. तुम्ही कशाला खोटं पाडता?"

मग मी चहा आणला. त्याने घेतला नाही.

त्या दिवशी मी माझ्या मुलीला भांडी घासायच्या जागी गाठलं.

"खोटं का बोललीस?"

"बाईंनी विचारलं तसं सांगितलं."

"तुझ्या ताटातलं खाल्लं तिनं."

"मंग काय करू? आठवीत मला ठेवायचं का न्हाई ते बाई ठरवणार. तू ठरवणार हायेस का?"

मी तिला मारलं. तिनं गाल चोळला नाही, राखेचा हात तसाच ठेवून उभी राहिली आणि मग पुन्हा घासायला बसली. मी पण बसले. जायचं कुठं होतं? सासरी कुणी विचारत नव्हतं आणि माहेरी भावजयीचं राज्य. सकाळी पुन्हा भाकरी थापल्या आणि तिची वेणी घातली. तिला आठवीत ठेवून घेतलं. मला पेल्यांच्या ताटाबद्दल ऐकवलं, पण काढलं नाही. दोन भाकरींचं मी बाहेर फाटकाशी, बाजारात, विचारेल त्याला सांगत राहिले. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, मावशी, तुमचीच पोरगी तर उपास होता असं म्हणून राह्यली.

ती दहावी झाली, डी.एड. झाली. शाळेनं तिला तिथंच नोकरी दिली. मोठ्या बाईंनीच दिली, निवृत्त व्हायच्या आधी. लोक म्हणतात, मावशीनं भाकरी थापून मुलगी शिकवली. मला ते ऐकवत नाही. मला माहीत आहे ती कशावर शिकली.

शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली, बोर्डिंगवर नवा मजला चढला. समई अजून आहे, आणि ती बसवते माझी मुलगी. मी काम सोडलं आणि तिच्याकडे राहू लागले तेव्हा एकदा तालीम बघायला गेले होते. ती मैदानात दंडुका घेऊन उभी होती. एका मुलीच्या खांद्यावर तो ठेवला, ती बसली, मागची सरकली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अजून तेच शिकवून राह्यलीस?"

"आता पाणी देतो आम्ही, आई. सावलीत बसवतो. पाहुणे आले की मंगच उभ्या करतो."

"आणि सरकायचं?"

"सरकायचं तर शिकवावंच लागतं. न्हाई तर आकार मोडतो."

"मोडू दे की."

"तुला न्हाई कळायचं ते."

"बिलकुल न्हाई कळत. चौथीच झाली माझी."

मग ती वह्या तपासायला बसली आणि मी भाजी निवडायला.

धावड्याचा तो बाप अजून येतो. दरवर्षी त्याच दिवशी, राजूरहून प्रसादाचे पेढे घेऊन. आतल्या मुलींना एकेक वाटतो. आता त्याला नीट दिसत नाही, नातवाचा खांदा धरून चालतो. शेवटचा पेढा तो माझ्या मुलीसाठी राखून ठेवतो. बाकीच्या शिक्षिकांना सांगतो, "ही माझ्या पोरीची जोडीदारीण. शेवटपावतर तिच्याजवळ व्हती." माझी मुलगी खाली वाकून त्याच्या पाया पडते आणि दोन्ही हातांनी पेढा घेते. तिथं ती तो खात नाही. घरी आणते आणि देव्हाऱ्यात ठेवते. त्याला मुंग्या लागल्या की मी तो बाहेर टाकते.

गेल्या वर्षी त्याने मला आवाजावरून ओळखलं. "मावशी ना तुम्ही? बरं हाये का?"

मी म्हटलं, "बरं हाये."

त्याचं वय झालंय, माझंही झालंय. त्याला दोन भाकरी नको आहेत.

त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या बाकी सगळ्या जगल्या. धावड्याची मुलगी गेली. तिच्या जागी उभी राहिलेली माझी मुलगी जगली.