एका कडीचे सर

आमच्या नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे जे विभागप्रमुख होते, त्यांना स्वतःच्या गाइडबाहेरचं जग मान्य नव्हतं. गाइड त्यांनीच लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं: ‘मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ही एक बंद कडी असते.’ बहुतेक प्राण्यांपुरतं ते खरंही आहे.

अंतर्गत परीक्षेत सुरगाण्याकडून आलेल्या एका मुलीने लिहिलं की ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीत तसं नसतं. तिथे हजारो लहान कड्या आणि थोड्या मोठ्या कड्या एकमेकींत अडकून जाळी बनते. सोबत नीट आकृती. सरांनी आकृतीवर लाल काट मारून शून्य दिलं.

मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही शिकवलं तेच लिहिलं. ते चूक हाय का?"

"नाही," मी म्हटलं, आणि दोन संदर्भग्रंथ काखेत मारून सरांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी पानं उलटलीसुद्धा नाहीत. "मॅडम, हे परदेशी परजीवींचं असेल. आपल्या अभ्यासक्रमात एकच कडी आहे."

परजीवीला पासपोर्ट लागतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात पंचवटीतली वरातीची एक घोडी सर्रा होऊन पडली होती. हा आजार ट्रिपॅनोसोमाचाच, चावऱ्या माश्यांमधून पसरणारा. तिच्यावर उपचार करणारी डॉक्टर माझी वर्गमैत्रीण. तिच्याकडून रक्ताची स्लाइड आणली, रंगवली आणि सरांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मुलीलाही बोलावलं.

"शेपटीच्या बुडाशी गडद ठिपका दिसतोय?" मी विचारलं. "तीच ती जाळी, घट्ट गोळा झालेली."

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून म्हणाले, "ठिपका गोलच आहे. म्हणजे कडीच झाली."

मुलीने खाली पाहिलं. हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही. मला मात्र त्या माणसाची कीवही आली नाही. ट्रिपॅनोसोमाच्या मोठ्या कड्यांतून निघणारा जनुकीय संदेश अर्धवट, चुकलेला असतो; लहान कड्यांच्या मदतीने तो दुरुस्त केला जातो. डोकं नसलेला जीव एवढं करतो. सरांकडे डॉक्टरेट होती.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. पेपर बाहेरच्या कॉलेजातल्या परीक्षकाकडे गेला आणि पूर्ण गुण घेऊन परत आला. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो महिना स्टाफरूममध्ये फार सुखाचा गेला.

पुढे त्यांच्या निवृत्तीला शाल, श्रीफळ, सगळं झालं. ‘विद्यार्थ्यांत जिज्ञासा जागवणारे गुरुजन’ असा फलक मागे लावला होता. गाइडची नवी आवृत्तीही त्याच दिवशी निघाली. मी वाक्य शोधलं. ‘काही अपवाद वगळता’ असे तीन शब्द पुढे चिकटवले होते. अपवाद कोणते, ते लिहिलं नव्हतं.

मुलगी एमएस्सीला पुण्याला गेली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. "सरांना विचारलं तर सांगतील का, मॅडम?" तिने शांतपणे विचारलं.

"कशाला विचारतेस," मी म्हटलं. "चहा घे."