लक्ष्मणनाना प्यालेले नव्हते

ज्यांचं मी वाटोळं केलं त्यांचं नाव लक्ष्मणनाना. आमच्या गावच्या दूध संस्थेच्या जीपचे ड्रायव्हर. दिवस आखितीच्या आदला. अक्षय तृतीयेला आमच्याकडं आखिती म्हणतात. साल म्हणाल तर संस्थेच्या निवडणुकीचं, पोळ्याआधीच पाऊस तुटला आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडले ते. वेळ दुपारची, टँकर टाकीत रिकामा होऊन गेला त्याच्या पाठोपाठ.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्या पोरांबरोबर भिंतीभिंतीवर पत्रकं डकवत हिंडलो त्यांना नाही. माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य नेहमी असंच असायचं — कुणावर अन्याय झाला, कधी झाला. घोळ घालायचा नाही, थेट बोट ठेवायचं. म्हणून इथंही तसंच सुरू केलं. पण पत्रकात दुसरं वाक्य लिहिताना माझा हात कधी थांबला नव्हता. कारण तिथं अन्याय करणारा कायम दुसरा कुणीतरी असायचा.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अलीकडं. संस्थेची जीप जुनी. मागची बाकडी काढून तिथं दुधाचे कॅन ठेवायचे. सकाळी दूध, आणि दुष्काळात दुपारी तेच कॅन धुऊन वस्त्यांवर पाणी. गिअरचा दांडा लांबलचक आणि ढिला. नाना म्हणायचे, "गिअर टाकायचा म्हंजी आडातनं पोहरा वढल्यागत हाय." दिवसभर तो ओढून ओढून त्यांचा डावा खांदा धरलेला असायचा.

माझ्याकडं एक शॉर्ट शिफ्टर पडून होता. शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअरचा आखूड दांडा. कंपनीचा दांडा काढायचा आणि बाजारात मिळणारा हा बसवायचा. ह्याची आतली टेकणी वेगळ्या उंचीवर असते, त्यामुळं हात जरासा हलवला तरी गिअर पडतो. शहरातली हौशी पोरं गाडी झपकन उचलायला बसवतात. आमच्या प्रचाराला एका दोस्ताची असलीच जुनी जीप मिळणार होती, तिच्यासाठी मी तो आणलेला. दोस्तानं ऐन वेळी गाडी दिली नाही, दांडा खोक्यात राहिला. मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाची दोन वर्षं करून कॉलेज सोडलेलं होतं. येवढं काम आपल्याला येतं, हा माझा समज.

नानांच्या खांद्यासाठी मी तो देऊ केला — असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं नाही. नाना रोज पहाटे प्रत्येक सभासदाच्या दारात जायचे. बायामाणसं त्यांच्यापाशी मनातलं बोलायची. ते चेअरमनचे ड्रायव्हर, आणि मी चेअरमनच्या विरोधातल्या पॅनलचा पत्रकं लिहिणारा पोरगा. खांदा हलका झाला असता तर मन आमच्याकडं झुकलं असतं, एवढाच माझा हिशोब. तो तरी काय वाईट होता? पण चांगुलपणाही नव्हता.

आखितीच्या दोन दिवस आधी आमच्या गोठ्यात जीप लावली. गोठा मोकळाच होता, जनावरं छावणीला. नाना पाने हातात देत होते, मी गाडीखाली. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. ह्या जीपमध्ये पहिल्या गिअरला लागूनच रिव्हर्स. चुकून पडू नये म्हणून दांड्याच्या बुडाशी एक लोखंडी पत्ती आणि स्प्रिंग. दांडा खाली दाबल्याशिवाय रिव्हर्स पडतच नाही. ती पत्ती जुन्या दांड्याची काढून नव्याला बसवायची असते. आणि आखूड दांड्यात तर गिअरच्या जागा आणखी जवळ येतात, म्हणजे ती जास्तच हवी.

पत्तीचं भोक जुळेना. घासून मोठं करावं लागलं असतं. तिकडं पाराजवळ भोंगा लागलेला, माझं भाषण व्हायचं होतं — पाण्यावरच. मी पत्ती न लावता बोल्ट आवळले.

"ही कशाची रं?" नानांनी पत्ती उचलून विचारलं.

"जास्तीची हाय, नाना. नव्याला लागत न्हाई."

मला माहीत होतं लागते. नीट वाचा — मला माहीत होतं. पण ड्रायव्हर मुरलेला आहे, दोन दिवस जातील, मग सवडीनं बसवू, असं मनाशी म्हटलं. त्यांनी मारुतीपर्यंत एक चक्कर मारली आणि हसत परत आले. "आरं, ह्यो तर चमच्यावानी हलतोय. कावून एवढ्या दिस न्हाई सांगितलास?" मला वाटलं, एक माणूस फुटला. आणि मी भाषणाला पळालो.

आखितीला आमच्याकडं घरोघर मातीची केळी — म्हणजे छोटी घागरच — पाण्यानं भरून पितरांच्या नावानं पूजतात. वर्षाच्या आत घरातलं कुणी गेलं असेल तर ती केळी त्या माणसाच्या नावाची. ते पाणी मिळाल्याशिवाय गेलेल्याची तहान भागत नाही, असं म्हातारी माणसं मानतात. त्या उन्हाळ्यात जित्या माणसांच्या तोंडाला पाणी नव्हतं, तर पितरांचं कोण बघतो? तरी लोकांनी टँकरवाल्याच्या विनवण्या करून आदल्या दिवशी एक खेप मिळवली. पाराजवळच्या लोखंडी तिवईवर काळी टाकी, ती काठोकाठ भरली. ठरलं असं की आधी लांबच्या धनगर वस्तीचं पाणी जाऊ द्यायचं, कारण तिथं नुसती म्हातारी उरलेली, धडधाकट माणसं मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेली. मग गावानं भरायचं. घागरींची रांग लागलेली, आणि भांडण एकही नव्हतं. मी त्या रांगेच्या कडेला पत्रकं वाटत उभा होतो.

नानांनी जीपची पाठ टाकीला लावून कॅन भरून घेतले. चढून बसले. गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप पुढं जायची ती धाडकन मागं आली.

तिवईचा पाय वाकला. टाकी आधी कलली, जरा थांबल्यासारखी झाली, मग खाली येऊन कलिंगडागत फुटली. कुणाला लागलं नाही. लागलं असतं तर लोकांचं लक्ष जखमेकडं तरी गेलं असतं. पाणी चाकांखालून निघालं, बायकांच्या पायांतून गेलं आणि गटारीला मिळालं. घमेली, पदर, ओंजळी — काय काय लावलं बायकांनी त्याला. एका म्हातारीनं नुसता चिखल घागरीत भरला आणि ती घागर डोक्यावर घेऊन चालू लागली.

नाना जीपमध्येच होते. हात दांड्यावर. "म्या फस्टच टाकलाय," म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले, "फस्टच टाकलाय की म्या."

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पिऊन आलाय."

नाना पूर्वी प्यायचे. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा सोडली, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ती नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली. म्हणजे त्या आखितीला त्यांच्या घरची केळी तिच्या नावाची होती. पण तो शब्द पडल्यावर कुणाला काही विचारायची गरजच राहिली नाही. "तरीच म्हणलं, डोळं लाल दिसतेत." "बायकू गेली की लागला पुन्ना." एकानं त्यांना दंडाला धरून खाली ओढलं. "मेलेल्या मानसाच्या तोंडचं पानी पाडलंस बे." कुणी तोंडाचा वास घेऊन बघितला? कुणीच नाही. वास नसता आला तर राग कुणावर काढायचा होता?

"कुणीतरी म्हणालं" असं मी वर लिहिलं. ते वाक्य तसंच पुढं रेटून न्यायचा माझा विचार होता, दोनदा वाचून बघितलं, खपून गेलं असतं. तो कुणीतरी मी होतो. जीप मागं आली त्या क्षणी मला कळलं होतं काय झालं ते. सगळ्या गावात मला एकट्याला कळलं होतं. आणि लोक जीपमध्ये वाकून बघायच्या आत मला ते दुसरीकडं वळवायचं होतं. गर्दी कशी वळवायची हे शिकूनच तर मी चळवळीत मोठा झालो. एक छोटं वाक्य लागतं. लोकांच्या मनात आधीपासून असलेलं.

मग मीच पुढं झालो. "गाडी हितं नका ठिवू, आमच्या गोठ्यात लावतो, मला कळतं त्यातलं." लोकांना वाटलं, पोरगं कामाचं आहे. गोठ्यात मी आखूड दांडा काढला, जुना बसवला, पत्ती आणि स्प्रिंगसकट. पत्ती आता पहिल्या झटक्यात बसली. नवा दांडा पुसून खोक्यात घातला.

दिवस मावळायच्या आत पाराजवळ माणसं बसली. नाना हात जोडून म्हणाले, गिअरचा दांडा नवा हाय, ह्या पोरानं बसवलाय, त्याच्यानं घोटाळा झाला, त्यालाच इचारा. चेअरमननं माझ्याकडं बघितलं. आमच्या पॅनलच्या लोकांनीही बघितलं.

मी म्हणालो, "बसवणार होतो. बसवला न्हाई. जाऊन बघा की."

चारजण जाऊन बघून आले. दांडा जुना. मी घरून खोकंही आणून दाखवलं. नानांनी त्या खोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर हटवली नाही, त्याचीही मला सवय होती, भाषणात लागते. मग नाना हळूच म्हणाले, "मग मलाच भास झाला आसंल."

चेअरमननं त्यांना तिथंच कामावरून काढलं. आमच्या हातात मुद्दा जाऊ नये म्हणून. पण मुद्दा गेलाच. दुसऱ्या दिवशी, ऐन आखितीला, माझं पत्रक निघालं: पितरांचं पाणी कुणी सांडलं? चेअरमनच्या दारुड्या ड्रायव्हरनं. ते मी एका बैठकीत लिहिलं. खाडाखोड नाही. माझ्या सगळ्या पत्रकांत ते सगळ्यात चांगलं उतरलं होतं, आजही काहींना पाठ आहे. आमचं पॅनल निवडून आलं. नव्या संचालकांत एकजण म्हणाला होता, म्हातारा बरा माणूस आहे, परत घेऊ का? तर मीच म्हणालो, लोकांना काय तोंड दाखवायचं? आणि विषय संपला.

तुम्ही म्हणाल, एवढं डाचत होतं तर नंतर का नाही बोललास? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाला धारच उरलेली नाही. आधी निवडणूक होती. मग निवडून आलो होतो. मग चारा छावणीचं आंदोलन होतं आणि माझा शब्द पडून चालणार नव्हता. दर वेळी काहीतरी मोठं, लोकांचं, हक्काचं माझ्या आणि त्या एका माणसाच्या मध्ये उभं असायचं. ते मीच आणून उभं करत होतो हे दिसायचं. दिसून काही व्हायचं नाही. पाय चिखलात रुतला आहे, रुततोय हे कळतंय, आणि आपण नुसतं बघतोय — तसं.

नाना गाव सोडून धर्मापुरीला बहिणीकडं गेले. लोकांच्या शेळ्या राखतात. बदनामी त्यांच्याआधी तिथं पोचलेली. ट्रॅक्टरवर ठेवा म्हणून चार ठिकाणी गेले, लोक हसले. मागच्या वर्षी मी गेलो होतो. सांगायचं ठरवूनच. देवळाच्या बाजूला बाभळीखाली बसले होते. उठून उभे राहिले, मला पाहून. बहिणीला चहा टाकायला सांगितला. आईची चौकशी केली, तुझं लगीन कवा म्हणाले. मग शेळ्यांकडं बघत, अगदी साध्या आवाजात बोलले —

"त्यो बारका दांडा मातर हातात लई चांगला बसला व्हता बग."

त्यांना भास झालेला नव्हता. कधीच. त्या दिवशी पाराजवळ त्यांनी मला सोडून दिलं होतं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. आता मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. आजूबाजूला माणूस नव्हतं. निवडणूक नव्हती, गर्दी नव्हती, भोंगा नव्हता.

मी म्हणालो, "कोणता दांडा, नाना?"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शेळी पिकात चालली होती, तिला वळवायला उठून गेले. मी चहा पिऊन निघालो.

सगळ्यात वाईट हेच आहे. टाकी घाईत फुटली, पत्रक ईर्षेत लिहिलं गेलं. पण हे शेवटचं मी निवांत बसून, चहा पीत केलं.

नाव माझं आमच्या गावात कुणीही सांगेल, ते झाकू नका. माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुमच्यापैकी ज्याच्या दारात गाडी आहे — जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, काहीही — त्यानं धर्मापुरीला जावं. शेळ्यावाले लक्ष्मणनाना विचारा, कुणीही दाखवील. किल्ली त्यांच्या हातात द्या. मागं आपली पोरंबाळं बसवा. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.